परवडत नाही तर करता कशाला?

आमच्या नात्यागोत्यात हा प्रश्न हमखास निघतो. विचारणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईला स्थिरावलेले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या नावावर गावाकडे सातबाऱ्यात अजून एखादा तुकडा असतोच! प्रश्नामागचा समज असा, की शेतकऱ्याला धंदा कळत नाही. काका, मामा, आत्या, रागावू नका, पण आज जरा हिशेबच करूया.

२०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली. म्हणजे सव्वातीन एकर. आपण तीनच एकर धरू. घाटावरची, चिखली-मेहकरकडची कोरडवाहू जमीन. पीक सोयाबीन. एकरी सहा क्विंटल धरले तर १८ क्विंटल माल झाला.

२०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. दिवाळीच्या सुमारास बाजारात मिळत होते ४,२००च्या आसपास. क्विंटलमागे ६९२ रुपये कमी. १८ क्विंटलचे झाले १२,४५६ रुपये.

आता दुसरा आकडा बघा. 'पीएम किसान'चे केंद्राकडून वर्षाला ६,००० आणि 'नमो शेतकरी'चे राज्याकडून ६,०००. एकूण १२,०००. ज्या पैशावरून "शेतकऱ्यांना सगळं फुकट मिळतं" असं आपण म्हणतो, तो सगळा एकाच पिकाच्या एकाच हंगामात परत गेला. वर ४५६ रुपये पदरचे!

"मग सरकारी खरेदी केंद्रावर का नाही विकलं?" बरोबर प्रश्न आहे. केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नव्हता. नोंदणी करा, नंबर लागायची वाट बघा, बारदाना आला का विचारायला चकरा मारा. इकडे सोंगणीची मजुरी, थ्रेशरवाला आणि कृषी केंद्राची उधारी दारात उभी असते. तीन एकरवाल्याला महिनाभर थांबणं झेपत नाही, म्हणून तो सुडी मोडली की माल थेट अडत्याकडे नेतो. ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली १५ नोव्हेंबरला. तोवर दिवाळी होऊन गेली होती. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, हा योगायोग समजू.

"बाजार आहे, भाव वर-खाली होणारच." हेही मान्य. पण वर जाऊ देता का?

ऑगस्ट २०२१मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. शेतकऱ्याचं पीक तेव्हा शेतात उभं होतं. कोंबडीखाद्य महागलं म्हणून ओरड झाली आणि त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. गंमत बघा, आपल्या शेतकऱ्याला तसलं सोयाबीन पेरायची परवानगी नाही! नवं पीक आलं की भाव तसाही थोडा उतरलाच असता, हे खरं. पण उतरत्या भावाला सरकारने पाठीमागून धक्का द्यायची काय गरज होती? डिसेंबरात सोयाबीनचा वायदे बाजारही बंद केला.

आता घाटाखाली उतरा, खामगाव-मलकापूरकडे, कापसाच्या मुलखात. १९ ऑगस्ट २०२५ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सांगितलं सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवलं डिसेंबरअखेरपर्यंत. कापूस घरात येतो तो नेमका याच दिवसांत.

म्हणजे भाव पडला की "बाजाराचा नियम", आणि चढला की "महागाई". तोट्यात तो एकटा, नफ्यात मात्र सगळा देश वाटेकरी. ह्याला मी बाजार म्हणायला तयार नाही.

महागाईने गरीब माणूस होरपळतो, हे मलाही दिसतं. त्याला स्वस्त तेल जरूर द्या. पण ते सरकारी तिजोरीतून द्या, म्हणजे त्यात तुमचा-माझा कर जाईल. तीन एकरवाल्याच्या खिशातून कशाला? आणि तो कर भरत नाही म्हणाल, तर फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी आहे. व्यापाऱ्याला भरलेला जीएसटी वळता करून मिळतो, शेतकऱ्याला नाही.

भाव मिळाला म्हणजे तीन एकरांत बंगला होईल, असं माझं म्हणणं नाही. चांगल्या भावातही एवढ्या जमिनीवर घर चालणं कठीणच आहे. म्हणूनच त्या थोडक्या उत्पन्नावर हात मारू नये, एवढंच म्हणणं. मागण्या दोनच. पेरणीआधी जे आयात धोरण सांगाल ते माल विकून होईपर्यंत बदलू नका. आणि बाजारभाव हमीभावाखाली गेला तर फरक खात्यात जमा करा. मध्य प्रदेशाने २०१७मध्ये 'भावांतर' योजना आणली होती, २०२५मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा आणली. त्यातही व्यापाऱ्यांनी भाव पाडायची भीती असतेच, पण निदान पडलेल्या भावाचा काही भार सरकार उचलतं.

राहता राहिलं "करता कशाला?" २०१८-१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. पिकापेक्षा मजुरीच जास्त! शेती सोडून पोट भरेल असं दुसरं काम भरवशाने मिळत नाही, आणि नुसत्या शेतीवरही भागत नाही. म्हणून दोन्ही चालू आहे.

असो. पटलं नाही तर जरूर लिहा, भांडायला मी तयार आहे. फक्त "त्यांनी जोडधंदा करावा" एवढं लिहू नका. शेती हाच आता त्यांचा जोडधंदा झालाय.