बिनविरोध

एप्रिल २०२४ मध्ये क्रिस्टालिना जॉर्जिएवा यांची आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुखपदी फेरनिवड झाली. अर्थातच बिनविरोध, कारण नाव एकच आले होते. २०१९ मध्ये पहिल्यांदा निवड होताना त्यांचे वय आड येत होते. तेव्हा वयाची अटच रद्द झाली. १९४६ पासून या खुर्चीत युरोपचाच माणूस बसतो आणि रस्त्यापलीकडच्या जागतिक बँकेत अमेरिकी नागरिक. जन्म कुठलाही चालतो. वुल्फेन्सन सिडनीचे, किम सोलचे आणि सध्याचे अजय बंगा आपल्या खडकीचे. पासपोर्ट मात्र वॉशिंग्टनचाच हवा.

हीच नाणेनिधी कर्ज देताना कारभार उघडा ठेवा म्हणून सांगते. २०२३ मध्ये तिने श्रीलंकेच्या राज्यकारभाराची झाडाझडती घेतली आणि सरकारी खरेदीची कंत्राटे, उच्चपदस्थांची मालमत्ता लोकांपुढे मांडा असे सुचवले. सूचना रास्तच आहेत. राजपक्षे घराण्याच्या देशात तर फारच रास्त.

पण नाणेनिधीच्या स्वतःच्या घरात मत मोजले जाते ते कोट्यावर, म्हणजे प्रत्येक देशाच्या भांडवली वाट्यावर. आपल्या सहकारी साखर कारखान्यांविषयी काय हवे ते बोला, तिथे शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. इथे मोठ्या बदलांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्के आहेत. बेरीज-वजाबाकी ज्याने त्याने करावी. २०१० मध्ये ठरलेली कोट्यांची सुधारणा अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०१५ पर्यंत अडवून धरली. डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्यांचे कोटे ५० टक्क्यांनी वाढवायचे ठरले. सगळ्यांचेच सारखे वाढणार, म्हणजे वाटा कोणाचाच हलणार नाही. सुमारे सात कोटींच्या ब्रिटनचा वाटा चार टक्क्यांहून अधिक, १४० कोटींच्या भारताचा पावणेतीन.

भारताची तक्रार खरी आहे. मात्र आपणही अगदीच उपरे नाही. नाणेनिधीचा पाया घालणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत चिंतामणराव देशमुख होते त्या शिष्टमंडळाने, देश पारतंत्र्यात असतानाही, सहाव्या क्रमांकाचा कोटा मिळवला. सोव्हिएत रशिया नाणेनिधीत आलाच नाही, म्हणून आपण पाचवे झालो आणि कार्यकारी मंडळावर हक्काची जागा मिळाली. त्या मंडळात आजही भारताचा प्रतिनिधी बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका यांच्याही वतीने बोलतो. ती जागा आळीपाळीने त्यांनाही द्यावी, असे दिल्लीत कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही.