लाल रेघ कोणाची चूक दाखविते?

संगणकाने दाखविली ती चूक आणि न दाखविली तर मजकूर शुद्ध, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत, कचेऱ्यांत आणि, संकोच न बाळगता सांगावयाचे तर, आम्हा अध्यापकांतही रूढ झाली आहे. ती किती फसवी आहे याचा प्रत्यय कांदा उत्पादकांवरील एक प्रकल्प तपासताना आला. विद्यार्थिनीने मजकूर शुद्धलेखन-तपासणीतून काढला होता. तपासणी पूर्ण झाल्याचा निर्वाळाही यंत्राने दिला होता. तरीही पहिल्याच पानावर ‘विक्रि’ होती आणि ‘निर्यात निती’ही होती. तिचे गुण कापण्यापूर्वी यंत्राचीच उलटतपासणी करणे मला न्याय्य वाटले.

सापडलेला दोष क्षुल्लक होता. देवनागरी अक्षरांवरून मजकूर मराठी, हिंदी की नेपाळी हे यंत्राला आपोआप कळतेच असे नाही. ते मजकुरावर लावलेली भाषेची चिठ्ठी वाचते. येथे चिठ्ठी मराठीचीच होती, पण मराठी शब्दसंग्रह त्या संगणकात बसविलेलाच नव्हता. कोश नाही म्हणून तुलना नाही, आणि तुलना नाही म्हणून चूकही नाही! चिठ्ठी हिंदीची असून हिंदी कोश हजर असता, तर पान लाल रेघांनी भरून गेले असते. तेव्हा तक्रारीपूर्वी मजकूर निवडून त्याची भाषा पाहावी (मेनू मराठीत दिसणे पुरेसे नव्हे), मग कोश आहे की नाही ते पाहावे. पुष्कळशी दुखणी येथेच बरी होतात.

उरतात ती चिवट. कोश बसविल्यावर त्याच प्रकल्पात ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाखाली काही ठिकाणी रेघ उमटली, काही ठिकाणी नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच. परंतु युनिकोडमध्ये हा ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कोशात एक रीत आणि कळफलकावर दुसरी असली, की शेतकरी अशुद्ध ठरतो. (एरवीही त्याच्या वाट्याला फारसे वेगळे येत नाही.) शोधून बदलण्याची सोय वापरून सर्वत्र एकच रीत केली, तेव्हा त्या रेघा गेल्या.

खरी अडचण मराठीच्या घडणीत आहे. मुक्त प्रणालींत सर्रास वापरले जाणारे ‘हनस्पेल’ हे तपासणीचे साधन लास्लो नेमेथ यांनी हंगेरियनसाठी विकसित केले. त्याही भाषेत प्रत्ययांची रांग लागते. त्याच्या एका फाईलमध्ये मूळ शब्द असतात, दुसरीत प्रत्यय लावण्याचे नियम. ‘बाजार’, ‘बाजारात’, ‘बाजारातल्या’, ‘बाजारातल्यांनासुद्धा’ ही साखळी कोणीतरी माणसाने बसून लिहावी लागते. १९६२ साली शासनमान्य झालेले लेखनाचे नियम यंत्राला ठाऊक नसतात. त्याला दिलेली यादीच तेवढी कळते. यादी अपुरी, की शुद्ध शब्दही लाल.

मग कंटाळलेला लिपिक ‘कोशात भर’ ही कळ दाबतो. ‘दुरूस्ती’ एकदा अशी आत गेली, की त्या संगणकावर तिची दुरुस्ती संपली. शिवाय ‘कामगार दीन’ लिहिल्यास यंत्र हूं की चूं करणार नाही, कारण ‘दीन’ हा शब्द कोशात असतो. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही त्यात सर्वस्वी चूक काढता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

माझा आक्षेप आहे तो येथे. आपण भरघातलेले शब्द आपल्याच यंत्रात पडून राहतात. शेजारच्या टेबलावर तेच श्रम पुन्हा केले जातात. शब्दकोश ही अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तशी वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्याला कमी पडत नाही, खर्च न उचलणाऱ्याला तिच्यापासून रोखणेही कठीण असते, आणि म्हणूनच ती तयार करण्याचा खर्च सहसा कोणी आपणहून उचलत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश लोकांच्या पैशातून झाले. त्यांतील शब्द सामान्यरूपांसह आणि प्रत्ययनियमांसह, कोणालाही मुक्तपणे वापरता येतील असे देण्याची जबाबदारी शासनाने व विद्यापीठांनी उचलावयास हवी. २०२४ च्या ऑक्टोबरात मिळालेल्या अभिजात दर्जाच्या नावे समारंभ करण्यापेक्षा हे काम रूक्ष आहे, खर्चाचे मात्र फारसे नाही.

त्या विद्यार्थिनीचे ‘विक्रि’बद्दल गुण मी कापले; शेतकऱ्यांबद्दल कापले नाहीत. आमच्या विभागातील तपासलेल्या शब्दांची एक यादी आता ती आणि तिचे सहाध्यायी करीत आहेत.