डिझेलची स्वस्ताई कोणाच्या पदरची?

पेट्रोलवर चालणारी मोटार विकून डिझेलची घ्यावी काय, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी निकालात निघाल्यासारखा वाटत होता. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाची नवी कडक मानके लागू झाली तेव्हा देशातील सर्वांत मोठ्या मोटार-कारखान्याने, म्हणजे मारुतीने, डिझेलच्या मोटारी बनविणेच थांबविले. आणखीही काही कारखानदार त्याच वाटेने गेले. परंतु २०२५ साली वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभरच्या पंपांवर सर्रास मिळू लागले आणि तो प्रश्न मध्यमवर्गीय घरांतून पुन्हा चर्चिला जाऊ लागला. इथेनॉलपासून मिळणारी उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. तेव्हा मिश्रणामुळे लिटरमागचे अंतर घटणार, हे सरकारही नाकारीत नाही. वाद आहे तो किती घटते एवढाच. जुन्या गाडीच्या मालकाला त्याखेरीज रबरी नळ्यांची आणि सुट्या भागांची धास्ती. अशा मनःस्थितीत त्याच पंपावरचे स्वस्त डिझेल त्याला खुणावू लागले, तर त्यात नवल ते काय?

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. जो गृहस्थ मुख्यतः शहरातल्या शहरात गाडी चालवितो, त्याने डिझेलच्या मोहात पडू नये. वर्षाकाठी वीस हजार किलोमीटर आणि तेही बहुतांशी हमरस्त्यावर ज्याचा प्रवास घडतो, त्याच्यासाठी डिझेल अजूनही हिशेबात बसते. परंतु हा हिशेब केवळ कागद-पेन्सिलीचा राहिलेला नाही. सरकारी धोरणाच्या लहरीपणाची एक अदृश्य रक्कम त्यात मांडावी लागते, आणि नेमकी तीच रक्कम कोणाला ठाऊक नसते. खरी तक्रार ह्याविषयी आहे.

आधी कागदावरचा हिशेब पाहू. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील विक्रीकर किंचित उतरविल्यावर मुंबईत पेट्रोल लिटरला सुमारे १०३ रुपये आणि डिझेल सुमारे ९० रुपये झाले. ते भाव धरून चालू. शहरातल्या रहदारीत पेट्रोलची मध्यम आकाराची मोटार लिटरमागे १५ किलोमीटर आणि तिचीच डिझेल बहीण १९ किलोमीटर चालते असे समजू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सहा रुपये ८७ पैसे आणि डिझेलचा चार रुपये ७४ पैसे पडतो. बचत दोन रुपये १३ पैशांची. आता डिझेलची गाडी विकत घेताना सव्वा लाख रुपये अधिक मोजावे लागले असे धरले, तर ही रक्कम भरून निघण्यास सुमारे ५९ हजार किलोमीटर गाडी चालवावी लागेल. रोज २५ किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस, असा ज्याचा क्रम आहे त्याला त्यासाठी जवळजवळ आठ वर्षे लागतील. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणारा मात्र तीन वर्षांच्या आत मोकळा होईल.

ह्या हिशेबात कर्जाचे व्याज नाही, डिझेल एंजिनाच्या देखभालीचा जादा खर्च नाही, चालू स्थितीतली पेट्रोल गाडी मोडीच्या भावात विकताना बसणारी खोटही नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक मालकीच्या मोटारीवर एकरकमी वाहनकर पेट्रोलसाठी ११ टक्के तर डिझेलसाठी १३ टक्के, असा भेद सरकारने ठेवला. तोही जमेस धरला पाहिजे. वाचकांनी आपापले आकडे घालून हा त्रैराशिकाचा खेळ स्वतः करून पाहावा. शहरी नोकरदारांपैकी बहुतेकांच्या वाट्याला आतबट्ट्याचा व्यवहार येईल, असा आमचा अंदाज आहे.

मग डिझेल स्वस्त पडते ही समजूत एवढी घट्ट कशी रुजली? तिचे मूळ एका गत काळात आहे. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे भाव बाजारावर सोडले, डिझेलचे मात्र आपल्या मुठीत ठेवले. शेतकऱ्याचा पंप, मालमोटारी आणि एस.टी. ह्यांना झळ पोहोचू नये, हे त्यामागचे कारण सांगितले गेले आणि ते लटके नव्हते. परिणाम असा झाला की मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैशांवर गेले, तेव्हा डिझेल होते ४० रुपये ९१ पैशांना. वर धरलेल्या अंतरांनीच हिशेब केला तर पेट्रोलवर शंभर रुपये खर्चणाऱ्याचे त्या वेळी डिझेलमुळे ५६ रुपये वाचत होते. २०२४ च्या मुंबईतील भावांनी ते वाचतात ३१. ह्या आमिषाला कोण बळी पडणार नाही? २०१२-१३ साली देशात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. पेट्रोलियम मंत्रालयाने जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर असे आढळले की देशातील डिझेलपैकी सुमारे १३ टक्के खासगी मोटारी पितात आणि शेतीच्या वाट्यालाही तेवढेच येते. शेतकऱ्याच्या नावाने काढलेल्या सवलतीच्या पंक्तीला मोटारवाले त्याच्या मांडीला मांडी लावून बसले होते, असाच ह्याचा अर्थ.

हे होणार, हे सरकारला कोणी सांगितले नव्हते असे नाही. डॉ. किरीट पारीख ह्यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच पेट्रोल व डिझेल ह्या दोहोंचे भाव मोकळे करावेत आणि डिझेलच्या मोटारीवर ८० हजार रुपयांचे जादा उत्पादनशुल्क बसवावे, अशी शिफारस केली होती. सरकारने त्यातला सोयीचा तुकडा उचलला आणि गैरसोयीचा बासनात बांधून ठेवला. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे भाव थोड्या थोड्या पैशांनी वाढविण्यास प्रारंभ झाला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मुक्त झाले. जून २०२० मध्ये दिल्लीत असा एक दिवस उगवला की डिझेल पेट्रोलहून महाग झाले. आठ वर्षांपूर्वी ३२ रुपयांच्या तफावतीवर विसंबून ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांनी त्या दिवशी काय म्हटले असेल ते लिहून छापण्याजोगे खासच नसेल.

पैशाचा प्रश्न असा. आता धुराचा. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. हवा अतिशय दाबून तापविली जाते आणि त्या उष्णतेने इंधन पेट घेते. ह्या रचनेमुळे इंधनातील शक्ती अधिक वसूल होते हा तिचा गुण, आणि काजळीचे सूक्ष्म कण व नत्राची ऑक्साइडे अधिक निपजतात हा तिचा दोष. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवास कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला. डिझेल हवामानाच्या दृष्टीने सोज्ज्वळ आहे हा बचावही तपासून घ्यावा. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो, तर डिझेलपासून सुमारे २.७ किलो. त्यामुळे लिटरमागे चार किलोमीटर अधिक चालूनही आमच्या उदाहरणातील डिझेल गाडी किलोमीटरमागे जेमतेम सात टक्के कर्बवायू वाचविते. तेवढ्या लाभासाठी रस्त्याकडेच्या शाळेतील मुलांनी काजळी का हुंगावी?

२०२० च्या ‘भारत-६’ मानकांनी ह्या चित्रात मोठी सुधारणा घडविली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्यापूर्वीच्या मानकात डिझेल मोटारीला किलोमीटरमागे नत्राची ऑक्साइडे २५० मिलिग्रॅमपर्यंत सोडण्याची मुभा होती. ती ८० वर आली. कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर उतरली. परंतु ही शुद्धता एंजिनामागे बसविलेल्या गाळणीवर अवलंबून आहे, आणि ती गाळणी शहरी रहदारीला वैरी मानते. तिच्यात साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते. हमरस्त्यावर काही काळ सलग वेगाने गाडी चालली की ते काम आपोआप होते. दादरहून वांद्र्यापर्यंत सिग्नलामागून सिग्नल ओलांडीत सरपटणाऱ्या गाडीत ते अपुरे राहते, गाळणी तुंबते, दिवा पेटतो आणि गाडी कारागिराच्या दारी जाते. ज्याचा रोजचा प्रवास आखूड आहे त्याने डिझेल टाळावे, असे आम्ही म्हणतो त्याचे हे यांत्रिक कारण भावातील फरकाइतकेच वजनदार आहे.

ह्या बाबतीत आपणच तेवढे फसलो असे कोणी समजू नये. ब्रिटनने २००१ मध्ये मोटारींवरील कर कर्बवायूच्या प्रमाणावर बेतला आणि लोकांना डिझेलकडे वळविले. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने चाचणीपुरता धूर कमी दाखविणारी युक्ती गाड्यांत बसविल्याचे अमेरिकेत उघडकीस आले. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या त्यात सापडल्या. एप्रिल २०१९ पासून लंडनच्या मध्यभागात जुन्या गाड्यांवर दैनिक आकार बसला तेव्हा पेट्रोलसाठी ‘युरो-४’ मानक पुरेसे ठरले, डिझेलला ‘युरो-६’ हवे झाले. म्हणजे ज्या सरकारने बोट धरून डिझेलच्या दारी नेले, त्याच देशात पुढे दारावर दंडाची पावती हाती पडली.

आपल्याकडे तर पावतीवर भागले नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नोंदणी पंधरा वर्षांची, आयुष्य मात्र दहा वर्षांचे! डिसेंबर २०१५ मध्ये दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी दिल्लीत थांबली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का उपकर भरून ती खुली झाली. जुलै २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच गुंडाळला गेला; ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई नको असे म्हटले, पुढे त्याही आदेशात फेरबदल झाले. मुंबईकरांनी हे दिल्लीचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. मे २०२३ मध्ये केंद्राच्या एका सल्लागार समितीने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांतून २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी गाड्या हद्दपार कराव्यात असे सुचविले. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी डिझेल गाड्यांवर दहा टक्के जादा कराची भाषा सकाळी केली आणि असा प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासा त्याच दिवशी केला. मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेची स्वतःहून दखल घेतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या मुंबईतून टप्प्याटप्प्याने काढता येतील काय हे पाहण्यासाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली.

उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेरमांडणी झाली तेव्हा चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान गाड्यांसाठी १८ टक्क्यांचा दर ठेवताना पेट्रोल एंजिनाला १२०० सीसीची मर्यादा घातली गेली आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंत मोकळीक मिळाली. एक हात डिझेलला दाराबाहेर ढकलतो आणि दुसरा हात आत ओढतो, अशा स्थितीत सामान्य माणसाने कोणत्या हातावर विश्वास ठेवावा?

न्यायालयांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. शासन निर्णय टाळते म्हणून ते न्यायासनाकडे जातात आणि तिथून ते तडकाफडकी येतात. शुद्ध हवेचा हक्क गाडीमालकाच्या सोयीहून मोठा आहे, ह्याविषयीही आमच्या मनात संदेह नाही. मागणे एवढेच की नियम पूर्वसूचनेने यावेत. आज विकल्या जाणाऱ्या गाडीला शहरात किती वर्षे चालू दिले जाईल, हे नोंदणीच्या कागदावरच छापलेले असावे. पुढे तो शब्द फिरविण्याची पाळी आली तर मालकाने आगाऊ भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा त्याला परत मिळावा. गाडीचे भवितव्य तिच्या वयावर ठरविण्याऐवजी तिच्या प्रत्यक्ष धुरावर ठरावे. त्यासाठी प्रदूषण-प्रमाणपत्राची तपासणी सुधारली पाहिजे. डिझेल गाडीच्या धुराची दाटी तेवढी मोजून नत्राच्या ऑक्साइडांकडे पाठ फिरविणारी तपासणी २०२० नंतरच्या एंजिनाला निरुपयोगी आहे. गाळणी काढून टाकणारा बेपर्वा मालक आणि ती जपणारा सज्जन मालक ह्यांत तिला फारसा भेद करता येत नाही.

हे घडेपर्यंत वाचकांनी काय करावे? गाडी वर्षभरात किती किलोमीटर धावली आणि त्यांपैकी किती शहरात, हे आधी पाहावे. आठ-दहा हजारांच्या आत आकडा असेल तर आहे ती पेट्रोल गाडी नीट राखावी. तिला इथेनॉल कितपत सोसते हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. बदलायचीच असेल तर सी.एन.जी. आणि विजेच्या गाड्यांचा हिशेब डिझेलच्या आधी करावा. ज्याचा व्यवसायच नाशिक, कोल्हापूर, नागपूर असा फिरतीचा आहे त्याने डिझेल अवश्य घ्यावे, पण ती रक्कम चार वर्षांत वसूल होते काय एवढेच पाहावे. दहा वर्षांच्या भरवशावर पैसे गुंतवावेत इतकी शाश्वती ह्या विषयात सरकारने अजून कोणालाही दिलेली नाही.