पाहणारा कोण? गडचिरोलीतील निरीक्षणाचा धडा

१/७
नोंद नाही म्हणून घटनाच घडली नाही, असे मानणे ही इतिहास वाचणाऱ्याची सर्वांत महागडी चूक. निरीक्षण-पद्धतीचा प्रश्नही हाच आहे: कोणी पाहिले, कोठून पाहिले आणि कोणाच्या नजरेतून काय निसटले?

२/७
१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आला. चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. जनगणना आणि अधिकाऱ्यांची टिपणे हा त्याचा मोठा आधार. ग्रंथ आजही मोलाचा आहे. पण त्यात माणसे पाहिली जातात, स्वतः पाहत नाहीत.

३/७
२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. १९८६ मध्ये राणी व अभय बंग यांनी तेथे ‘सर्च’ची स्थापना केली. वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग, पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. रोग होता, पाहणारे नव्हते.

४/७
१९९५-९६ मध्ये ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांनी घरोघरी जाऊन ७६३ नवजात बाळांचे निरीक्षण केले. ४८ टक्के बाळांना गंभीर आजार झाले; डॉक्टरांनी पाहिलेली बाळे अवघी २.६ टक्के. दवाखान्याच्या नोंदवहीवरून इतिहास लिहिला असता, तर उरलेली बाळे जणू निरोगीच ठरली असती.

५/७
आक्षेप रास्त आहे: गावातली बाई तटस्थ कशी? शिवाय कोणी पाहत आहे म्हटल्यावर माणसांचे वागणे बदलतेच. परंतु तटस्थता अंतरातून येत नाही. ती वजनकाट्यातून, घड्याळातून आणि सर्वांना सारख्याच असलेल्या तक्त्यातून येते. परक्यासाठी मात्र बाळंतिणीच्या खोलीचे दारच उघडत नाही.

६/७
याहून कठीण प्रश्न नीतीचा. आजारी बाळाकडे नुसते पाहत राहणे योग्य का? निरीक्षणाचे ऋण कृतीनेच फिटते. पुढे याच स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांवर उपचार केले आणि नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आला.

७/७
म्हणून कोणतेही जुने दप्तर उघडताना आधी त्यातील रिकाम्या जागा वाचाव्यात. तेथे कोणाला पाहू दिले गेले नाही, हे कळले की निम्मा इतिहास हाती येतो.