फुकटचे बिऱ्हाड

आमच्या शिक्षकांच्या खोलीत परवा एक वाद झाला. निमित्त क्षुल्लक होते. मधल्या सुट्टीत मी संगणकावर माझे रोजचे वाचन उघडून बसलो होतो, तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाले, "सर, फीड रीडर अजून वापरता तुम्ही? अहो, आता हवे ते आपोआप समोर येते!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते 'आपोआप' मनात कुसळासारखे रुतून बसले. त्या शब्दाशी माझे भांडण आहे; आणि फराळात चकलीही असतेच, म्हणून ते येथे मांडतो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. पुष्कळ संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची यादी, म्हणजे मथळा, पत्ता, तारीख, एका ठराविक पद्धतीने लिहून ठेवतात. तिला आरएसएस म्हणतात. ही पद्धत १९९९ पासून चालत आली आहे आणि आज ती कोणा एकाच्या मालकीची नाही. फीड रीडर म्हणजे तुम्ही निवडलेल्या स्थळांच्या याद्या वेळोवेळी पाहून येणारा आणि नवे ते ओळीने पुढे मांडणारा गडी. त्याच्यापाशी वशिला चालत नाही. घरातली मुले पॉडकास्ट ऐकतात, तेही बहुतेक याच वाटेने येतात.

या गड्यांत सर्वांत लाडका होता 'गूगल रीडर'. तो २००५ साली निघाला, आणि फुकट होता. १३ मार्च २०१३ रोजी, वापर घटला असे सांगून, तो बंद करण्याचे जाहीर झाले आणि १ जुलैला तो मिटला. निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. पहिल्या दोन दिवसांतच आपल्याकडे पाच लाख नवी माणसे आल्याचे 'फीडली'ने सांगितले. त्या पळापळीत मीही होतो.

यात मी घरमालकाला दोष देत नाही. घर त्याचे, साडेतीन महिन्यांची मुदत दिलेली, सामान नेण्याचीही मोकळीक. दोष माझा. भाडे न देता आठ वर्षे राहिलो आणि पुन्हा दुसरे फुकटचे बिऱ्हाड शोधत निघालो! रंग कसा आहे, अक्षर किती मोठे दिसते, एवढेच पाहिले. याचा खर्च कोण भागवतो, हे विचारले नाही. तेही पुढे बंद पडले. त्याचे नाव सांगत नाही. गेलेल्याविषयी वाईट बोलू नये. तशी ही रीतच आहे. गूगल रीडरची जागा घ्यायला २०१३ साली निघालेला 'डिग रीडर' २०१८ च्या मार्चमध्ये संपला. लेख पुढे वाचण्यासाठी साठवून ठेवण्याचे 'पॉकेट' ८ जुलै २०२५ रोजी मिटले.

आपण मराठी वाचकांना हे नवे वाटू नये. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून किती मासिके आली आणि गेली! 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. पण तिचे अंक घरोघरच्या कपाटांत राहिले. ते परत मागायला कोणी आले नाही. वर्गणीचा हाच गुण आहे. आणि आपण? हॉटेलात चौघांच्या जेवणाचे बिल न कुरकुरता देऊ, पण वाचनाला पैसा म्हटले की तोंड वाकडे!

आता त्या 'आपोआप'कडे येतो. कोकणातले एक निवृत्त गृहस्थ अंगणातल्या पक्ष्यांविषयी वर्षातून दोन-तीनदा लिहितात. त्यांची माझी भेट नाही. मध्ये चौदा महिने त्यांचे काही आले नाही. मग एका सकाळी माझ्या यादीत त्यांचा लेख वर आलेला दिसला. पत्नी गेल्याचे एका ओळीत सांगून पुढे दयाळाच्या घरट्याविषयी लिहिले होते. मी तो लेख दोनदा वाचला आणि तासाला उशिरा पोहोचलो. माझ्या सहकाऱ्यांचे 'आपोआप' हा लेख मला कधी दाखवणार होते? तेथे काय वर यावे हे ठरवणाऱ्याला माझा वेळ जाहिरातदाराला विकायचा असतो. चौदा महिने गप्प बसलेल्या म्हाताऱ्याच्या घरट्यात त्याला काय मिळणार?

म्हणून नवे साधन निवडताना मी आता दोनच गोष्टी पाहतो. यादी बाहेर काढता येते का, आणि चालवणाऱ्याचे पोट कशावर भरते. यादीची जी फाइल मिळते तिला ओपीएमएल म्हणतात. ती एका रीडरमधून काढून दुसऱ्यात घालता येते. सध्या मी वर्गणी घेणारा एक रीडर वापरतो. ज्यांना वर्गणी नको त्यांनी 'थंडरबर्ड' आपल्याच संगणकावर बसवावे. ते टपालाबरोबर फीडही वाचते. पण दर महिन्याला यादीची प्रत काढून घरी ठेवावी. माझ्या पहिल्या बिऱ्हाडातले खुणा करून ठेवलेले लेख मी 'उद्या काढू' म्हणता म्हणता घालवले. यादी तेवढी वाचली.

त्या यादीत एकशे सदतीस पत्ते आहेत. त्यांतले निम्मे आता बोलत नाहीत. ते मी काढून टाकलेले नाहीत. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे वह्यांबरोबर माझी हस्तलिखिते पाटावर ठेवतात. गेली काही वर्षे त्यांवर मी ती फाइल घातलेला पेनड्राइव्हही ठेवतो. मुलगी हसते आणि त्यालाही हळदकुंकू लावते. मात्र टोपण लावून.