गेमिंगचा मॉनिटर पारखताना

मैत्रिणींनो, परीक्षा संपली की मुलं गेमिंगच्या मॉनिटरसाठी हटून बसतात. पैसे मात्र बहुधा आपल्या भिशीतून जायचे! अमरावतीच्या राजकमल चौकातून आणा की घरपोच मागवा, साडी घडी मोडून बघतो तसा तो आल्या दिवशीच पारखून घ्यावा. परत करण्याची मुदत थोडकी असते, बरं का.

खोकं उघडतानाच मोबाइलवर चित्रण करावं. मग पूर्ण पडद्यावर पाळीपाळीने पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग लावावा. एखादा ठिपका बदलतच नसेल, तर तो दोष समजावा. असे किती ठिपके चालवून घेतात, हे हमीपत्रात आधीच वाचावं. काळ्या रंगावर खोलीत अंधार करून कडा बघाव्यात. आयपीएस पडद्यात थोडा उजेड झिरपतोच. ढळढळीत पट्टा दिसला तर तक्रार करावी.

टेबल हलकेच हलवून पाहावं. स्टँड डुगडुगता कामा नये.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला, तरी संगणक पुष्कळदा ६० वरच चालतो. सेटिंगमध्ये आकडा बदलून घ्यावा, नाहीतर जादा पैसे वायाच!

अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून मागची जाळी भिंतीला टेकवू नये, कूलरचा ओला वारा थेट लागू देऊ नये.

पावती जपून ठेवावी. दुकानदार दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.