वेल लावायच्या आधी गिऱ्हाईक पाहा



दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला. पिशवीत लाल वाइनची बाटली, नाव 'सेट्टे'. म्हणे, "काका, ही फ्रान्सची नाही, आपल्या अकलूजकडची हाय. दोन एकर सोयाबीन मोडू अन् ही द्राक्षं लावू."

मी पिणारा माणूस नाही. घोटभर चाखली. जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते, तशी धरली. पण गोष्ट दोन एकराची होती, म्हणून माहिती काढली. ती इथं मांडतो.

या वाइनमध्ये दोन द्राक्षांची मिसळ आहे. सांजोवेसे हे इटलीच्या टस्कनी भागातलं, आंबूस. कॅबर्ने सोव्हिन्याँ फ्रान्सच्या बोर्दोचं, बारीक मण्याचं, जाड सालीचं, तुरट. एक ताजेपणा देतं, दुसरं रंग आणि अंग. काळ्या द्राक्षाचा रस पांढराच असतो बरं का, लाल रंग सालीतून उतरतो. इटलीत असली वाइन टोमॅटोच्या रश्शासोबत, भाजलेल्या मटणासोबत घेतात. आपल्या वऱ्हाडी झणझणीत रश्शासोबत मात्र तिखट अजूनच भडकते. मटण खायचंच तर कमी तिखटाचं, सुकं करा.

आता मुद्द्याचं. आपण सोयाबीनच्या तासात तूर घेतो, का? तर एक गेलं तर दुसरं हाती राहावं. तिथली मिसळ वावरात होत नाही. दोन्ही द्राक्षांची वाइन बहुतेक वेगळी बनते, मग तळघरात किती कशात घालायचं ते वाइनवाला ठरवतो. पैसा त्या मिसळीत आहे. नुसती द्राक्षं विकणाऱ्याला किलोचा भाव, बस.

अकलूजकडं जमलं, कारण तिथले मोहिते पाटील बंधू नुसते द्राक्ष पिकवणारे नाहीत, ते कंपनीतच भागीदार आहेत. सोबत दिल्लीचे भाऊ, इटलीचे भाऊ आणि वाइन बनवणारा टस्कनीचा पिएरो मासी. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, सेट्टे म्हणजे सात.

दुसरी बाजू नाशिकची. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनरी उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली लावल्या. २००८ नंतर मंदी आली, खप बसला आणि कितीतरी जणांना त्याच वेली उपटाव्या लागल्या. ही द्राक्षं बिया असलेली, बारीक. टोपल्यात घालून बाजारात बसलं तर कोण घेईल? वाइनरीनं नाही म्हटलं की माल घरात. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तोही वादात अडकला.

मला हे माझ्या संत्र्यानं शिकवलं आहे. एका साली व्यापाऱ्यानं बाग पाहून सौदा केला, थोडा बयाणा दिला. भाव पडला तसा त्यानं फोन उचलणं बंद केलं. झाडाखाली संत्र्याचा सडा पडला होता. कागद नव्हता, कोणाला सांगू? पण संत्रं निदान दुसऱ्या बाजारात नेता आलं. वाइनचं द्राक्ष कुठं नेणार?

वर मांडव, तार, ठिबक, दोनदा छाटणी. सोयाबीन चार महिन्यांत मोकळं करतं, वेल वर्षानुवर्षं बांधून ठेवते. आणि आपल्या किन्हीराजाजवळ वाइनरी नाही. समृद्धी महामार्ग असला तरी तोडलेलं द्राक्ष उन्हात तासन् तास फिरवायचा माल नाही.

पुतण्याला मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, "आधी वाइनरीचा लेखी करार आण. किती वर्षं घेणार, गोडी किती पाहिजे, कमी भरली तर काय भाव, पैसे किती दिवसांत. मग दोन एकर नाही, दहा गुंठे लावू."

पोरगं जरा रुसलं. रुसू द्या. नवं पीक करावं, जरूर करावं. पण गिऱ्हाईक एकच असलं की भाव त्याचा, अन् कर्ज आपलं.

तुमच्यापैकी कोणी करारावर पीक घेतलं असेल तर अनुभव लिहा. पोराला वाचून दाखवतो.